माध्यमांचे शिक्षण : पदवी कोठे आणि केव्हा घ्यावी?

प्रश्न : माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. मीडियात जायचे, एवढे तिचे पक्के आहे. आमच्यापुढे तीन पर्याय आहेत : मुंबईच्या महाविद्यालयात बीएएमएमसी (मल्टिमीडिया आणि जनसंज्ञापनातील बीए), पुण्यातील एका खासगी विद्यापीठाची जनसंज्ञापनाची पदवी (तिचे शुल्क आम्हाला ओढाताण करूनच भरावे लागेल), किंवा येथेच राज्यशास्त्र घेऊन बीए आणि नंतर पत्रकारिता. तिसऱ्या पर्यायात तीन वर्षे वाया जातील, असे नातेवाईक म्हणतात. आपले मत कळवावे.
— एक पालक, कराड

उत्तर : नातेवाइकांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुणे विद्यापीठाचा 1964 साली सुरू झालेला पत्रकारिता विभाग, असो किंवा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील माध्यम आणि संस्कृती अध्ययनाचा अभ्यासक्रम असो, तेथील पदव्युत्तर वर्गांना कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो. राज्यशास्त्र शिकलेल्या मुलीपुढे उद्या जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प आला, तर त्यात नेमके काय पाहायचे हे तिला ठाऊक असते; बातमी कशी लिहायची हे त्यामानाने लवकर शिकता येते. म्हणून घरची ओढाताण होणार असेल, तर कराडची बीए हा मला कमीपणाचा पर्याय वाटत नाही. अट एकच, की या तीन वर्षांत तिने मराठीत नियमित लिहावे आणि इंग्रजी वाचनाची सवय सोडू नये.

मात्र त्याआधी तिला मीडियात नेमके काय करायचे आहे, हे तिच्याशी शांतपणे बोलून घ्या. बातमीदारी, जाहिरात, जनसंपर्क, माहितीपट आणि माध्यमांचा समाजावर होणारा परिणाम अभ्यासणे ही पाच वेगळी कामे आहेत. पूर्वी बीएमएम म्हणून ओळखला जाणारा आणि 2019-20 पासून बीएएमएमसी झालेला मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम जाहिरात आणि पत्रकारिता या दोन वाटांभोवती उभा राहिला आहे. जाहिरातीकडे ओढा असलेल्या मुलामुलींना मुंबईत राहून शिकण्याचा खरा लाभ होतो, कारण जाहिरात संस्था तेथेच आहेत आणि उमेदवारीची संधीही तेथेच मिळते. टाटा संस्थेत सिद्धान्त आणि माहितीपट निर्मिती यांवर भर असतो. दैनिकाच्या बातमीदारीची तयारी हा तेथील मुख्य हेतू नाही. तिला हा फरक आजच सांगता आला नाही तरी बिघडत नाही, आणि तसे असेल तर बीए करता करता तो उमजू देणे अधिक शहाणपणाचे.

खासगी विद्यापीठाविषयी मी सरसकट प्रतिकूल नाही, पण माहितीपुस्तिकेतील स्टुडिओचे छायाचित्र पाहून शुल्क भरू नका. प्रत्यक्ष जा आणि विद्यार्थ्यांनी काढलेला प्रायोगिक अंक मागा. तो किती महिन्यांपूर्वीचा आहे ते पाहा, मग त्यातील एखादी बातमी पूर्ण वाचा. वार्ताहर विद्यार्थी बाजार समितीत, वॉर्ड कार्यालयात किंवा एसटी स्थानकात जाऊन कोणाशी तरी बोललेला दिसतो का, की संस्थेच्याच समारंभांची वृत्ते आणि प्रमुख पाहुण्यांची भाषणे छापली आहेत? त्यानंतर दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारा, की कॅमेरा सुट्टीच्या दिवशी वापरायला मिळतो का, आणि लिहिलेली बातमी दुरुस्त करून परत कोण देते. या दुसऱ्या प्रश्नाला त्याने चटकन एखाद्या शिक्षकाचे नाव सांगितले, तर ती संस्था विचारात घेण्याजोगी आहे. पूर्णवेळ शिक्षक किती आणि केवळ अधूनमधून येणारे पाहुणे किती, हेही लेखी मागावे. ते विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे की नाही, हे आयोगाच्या संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येते.

प्रश्न : मी तीन वर्षांची पदवी घेऊन एका जिल्हा दैनिकात काम करतो. आता एक वर्षाची पदविका करावी की दोन वर्षांची एमए?
— एक वाचक, लातूर

उत्तर : पुढे महाविद्यालयात शिकवण्याचा विचार मनात असेल तर एमएच करा. तीन वर्षांची पदवी आणि एक वर्षाची पदविका एवढ्यावर नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा देता येत नाहीत; त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, आणि खुल्या प्रवर्गाला तीत किमान 55 टक्के गुण हवेत. वृत्तपत्रातच राहायचे असेल, तर चांगली पदविका पुरेशी आहे आणि नोकरीपासून एकच वर्ष दूर राहावे लागते. मराठीतून शिकायचे असल्यास भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रातील मराठी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाची चौकशी जरूर करा. दिल्लीत 1965 साली स्थापन झालेल्या या संस्थेला 2024 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे प्रवेशाचे नियम जुन्या विद्यार्थ्यांना विचारून ठरवू नका. चालू वर्षाचीच सूचना वाचा. राजीनामा देण्यापूर्वी संपादकांशी बिनपगारी रजेविषयी बोलून पाहा. जिल्हा दैनिकांना अनुभवी माणूस टिकवायचा असतो, आणि विचारल्यावर अशी रजा मिळाल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत.