झाडांविषयी विचारा: वणव्यानंतरचा उतार

प्रश्न : नमस्कार ताई. आमची काजूची बागायत गोव्यातल्या सत्तरीत, म्हादई अभयारण्याच्या कडेला. मार्च २०२३ च्या वणव्यात वरचा उतार जळला. मुलं म्हणतात, ऊन वाढतच जाणार, तर पटकन वाढणारी अकेशिया लावून मोकळे होऊया. वडील म्हणायचे, रान आपलं आपण उठतं. कोणाचं ऐकू?
– एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : दादा, वडिलांचं ऐका, पण अर्धंच.

त्या वर्षीचा फेब्रुवारी दिवसाच्या तापमानात १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण ठरला होता. रान आधीच कडकडीत वाळलेलं. मार्चमध्ये नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतायला आली, तेव्हा त्यांचा आवाज ऐकत मी अंगणात उभी होते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आता तुम्ही उतारावर जा आणि काही न तोडता नुसतं बघा. माट्टीची, म्हणजे ऐनाची, साल मगरीच्या पाठीसारखी जाड असते, कुंभ्याचीही जाड. वरून काळं पडलेलं झाड बुंध्याशी फुटवे काढून उभं असेल. एका बुंध्याला सात-आठ फुटवे असले तर सरळ, जोमदार दोन ठेवा. त्यांच्याखाली कित्येक वर्षांची मुळं आहेत. पिशवीतल्या रोपाला तितकं खोल जायला तुमचं आयुष्य पुरणार नाही. रानमोडी हे तण मात्र दिवाळीनंतर फुलायच्या आत उपटा. जळक्या जागेवर ती आधी पसरते, उन्हाळ्यात वाळते आणि पुढच्या आगीला सरपण होते.

वडिलांचं अर्धंच ऐका म्हटलं, कारण त्यांच्या काळी रान उठायचं ते ओळखीच्या हवेत. आता हवा एका झाडाच्या आयुष्यातच बदलते आहे. झाडाला चालता येत नाही, त्याचं बी चालतं, तेही धनेश, बुलबुल, वटवाघूळ, उदमांजर यांच्या पोटातून. बी नेणाऱ्याला सावलीची सलग वाट लागते. तुमच्या बागायतीतून व्हाळ (ओढा) जात असेल तर त्याच्या दोन्ही काठांवर पंधरा-वीस पावलांचा पट्टा काजूशिवाय सोडा. तो खालच्या देवराईपर्यंत तुटू देऊ नका. मध्ये शेजाऱ्याची जमीन असेल तर त्याच्याशी बोला. हे काम रोपं लावण्यापेक्षा कठीण आहे, पण मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. थंड, ओल्या घळीत नाजूक झाडं तग धरतात. सत्तरीतल्याच बांबरची निरंकाराची राय ही देवराई पाहा. तिथली रानजायफळाच्या कुळातली झाडं दलदलीत उभी आहेत आणि श्वासासाठी गुडघ्यासारखी मुळं वर काढतात. त्यांचं बी वाळलं की मेलं, ते डब्यात जपून ठेवता येत नाही. ती झाडं टिकायची तर पाणी आणि सावली तिथेच टिकायला हवी.

मोकळ्या जागी लावायचंच असेल तर माझी एक चूक ऐका. मी रोपवाटिकेत बारा वर्षं होते. एका साली माट्टीचं सगळं बी रस्त्याकडेच्या एकाच झाडाचं गोळा केलं, कारण ते हाताशी होतं. रोपं दिसायला देखणी, सगळी एकसारखी. पुढच्या कोरड्या वर्षी सगळी एकदमच माना टाकून बसली. आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी किमान पंधरा-वीस झाडांचं बी घेते, तेही लांब लांबच्या. त्यात सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या), कातळात खुरटून वाढलेल्या झाडांचं आवर्जून घेते. ज्या झाडानं कोरड सोसली, त्याच्या बियांत तो गुण उतरण्याची शक्यता जास्त. उतारावर माट्टी, किंदळ, खैर. व्हाळाजवळ भिरंड (कोकम), जांभूळ, उंबर.

अकेशिया नको. तिचा पाला लवकर कुजत नाही, साचत जातो. एकाच जातीची, एकाच वयाची झाडं संकटात एकत्रच जातात. मुलांना सांगा, घाईचं काम हवं असेल तर जानेवारीत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, साफ करा.

प्रश्न : समुद्र वर आला तर मांडवी नदीतल्या चोडण बेटावरची खारफुटी बुडेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बाय, लगेच नाही. खारफुटी मुळांत गाळ अडवून आपली जमीन हळूहळू उंचावते. पाणी त्याहून वेगानं चढलं, तर तिला जमिनीकडे सरकावं लागतं आणि मागे काँक्रीटची भिंत असेल तर जागाच उरत नाही. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचा, बांध फुटला की तिवरं ही खारफुटीची झाडं आत शिरतात, पण भाताचं खाजन घालवून मिळालेलं रान मला नको. बांध आणि मानस (भरती-ओहोटीचं पाणी सोडायचं-अडवायचं दार) शाबूत ठेवून नदीकाठच्या पडीक जागा खारफुटीसाठी मोकळ्या ठेवता येतील.

कांदळ या खारफुटीच्या झाडाचं बी आईच्या फांदीवरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं रोप होऊन पाण्यात पडतं. पावसाळ्यात रायबंदरहून फेरीबोटीनं येशील तेव्हा अशी रोपं तरंगताना दिसतात का बघ, आणि कुठे जाऊन अडकतात तेही वहीत लिहून ठेव. मला पाठव.