बिनशंखाचीला गोगलगाय म्हणावं का?

जुळे सोलापुरातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "पावसानंतर अंगणातल्या कुंडीखाली काळा, चपटा, बोटभर प्राणी निघतो. आई त्याला गोगलगाय म्हणते. मुलगा म्हणतो, शंख नाही तर गोगलगाय कसली? शेजारी तर जळू ठरवून मोकळे झाले. बरोबर कोण?"

आई. गोगलगाय या शब्दाला शंखाची अट नाही. 2022च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनचा फडशा पाडणारीला 'शंखी गोगलगाय' म्हणत होते. नुसत्या गोगलगायीत शंख आलाच असता, तर 'शंखी' कशाला जोडावं लागलं असतं? माझ्या मते नावाचा भर शिंगांवर आहे. सोलापुरात त्याला घरचीच साक्ष मिळते: कानडीत हिला म्हणतात बसवनहुळू, म्हणजे बसवाचा, नंदीचा किडा. मराठीला गाय दिसली, कानडीला बैल! (तेलुगू घरांत मात्र साधं 'नत्त'.)

वर्णनावरून तुमची पाहुणी लेव्हिकॉलिस अल्टे असावी. मूळची आफ्रिकेतली, आता भारतातही पसरलेली. लांबी साधारण 7-8 सेंटिमीटर, पाठीवर मधोमध फिकट रेघ. काही बिनशंखी जातींच्या कातडीखाली शंखाची चकती उरलेली असते. हिच्यात तीही नाही. पाठ चामड्यासारखी चिवट, बारीक दाणेदार. ती लवकर वाळत नाही, म्हणून आपल्याकडच्या कोरड्या हवेतही हिचा निभाव लागतो. शिंगांच्या दोन जोड्या: वरच्या जोडीच्या टोकांवर डोळे, खालच्या जोडीला फाटे. पण ती शिंगं जेमतेम 2-3 मिलिमीटर, आणि हात लागला की पाठीच्या कडेखाली गडप. मुलाला दिसली नसतील तर नवल नाही.

'गोगलगाय अन् पोटात पाय' आपण आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो, पण त्यातलं निरीक्षण तंतोतंत आहे. काडीने उलटी करून पाहा: पोटाच्या मधोमध अरुंद पट्टी, तोच तिचा पाय. पाठ्यपुस्तकातला 'उदरपाद' म्हणजे या म्हणीचंच संस्कृत.

जळू मात्र नक्कीच नाही. जळवेला शिंगं नसतात, अंगभर आडव्या वळ्या असतात आणि दोन्ही टोकांना चूषक. ही बिचारी रात्री निघून पाला खाते. सकाळी कुंडीतली कोवळी पानं कुरतडलेली दिसली, तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवा.