हवाई दलात पायलट कमी आहेत, तर दुंडिगलच्या अकादमीतल्या जागा सरळ दुप्पट का करत नाहीत?

कागदावर जागा वाढवल्या होत्या. ‘कॅग’च्या अहवालानुसार फेब्रुवारी 2015मध्ये 486 पायलट कमी होते. म्हणून 2016 ते 2021 दरवर्षी 222 जण प्रशिक्षणाला घ्यायचं ठरलं. तेवढे घेतले गेले नाहीत आणि 2021अखेर तूट 596वर गेली.

खरी अडचण इन्स्ट्रक्टरची आहे. हिशेबासाठी सोयीचे आकडे घेऊ: 100 कॅडेट, प्रत्येकी 80 तास, म्हणजे 8,000 तास. सहा महिन्यांत उडण्याजोगे दिवस 120 धरले, तर रोज साधारण 67 तास. एवढी विमानं एक वेळ जमतील. पण तासाभराच्या सॉर्टीआधी, म्हणजे शिकवणीच्या उड्डाणाआधी, ब्रीफिंग (सूचना), नंतर डीब्रीफिंग (चुकांची उजळणी). त्यामुळे एक इन्स्ट्रक्टर दिवसाला दोन, फार तर तीन सॉर्टी नीट शिकवू शकतो. सोलो, म्हणजे कॅडेटची एकट्याची उड्डाणं, वजा केली तरी रोज पंचवीस-तीस जण हजर हवेत, रजा-आजारपण धरून चाळीसेक. बॅच दुप्पट केली की ऐंशी. हे लोक आणायचे कुठून? स्क्वाड्रनमधूनच, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या तुकड्यांमधूनच. तिथून अनुभवी पायलट काढून तांबरमला इन्स्ट्रक्टरचा कोर्स द्यायचा, म्हणजे जिथे तूट आहे तिथूनच माणूस उचलायचा. पहिली दोन वर्षं तूट वाढलेली दिसणार. ती सोसायची तयारी नसेल, तर बाकीच्या सुधारणांना फारसा अर्थ नाही.

पावसाळ्यात हे गणित आणखी बिघडतं. ढग खाली आले की आधी सोलो रद्द होतात. आठवडाभर उड्डाण नसलं, तर नवख्याचा उंचीचा अंदाज सुटतो. लँडिंगला नाक वर घ्यायला उशीर होतो, विमान आपटतं, उसळतं. मग पुन्हा ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतची सॉर्टी. 80 तासांचे 85 होतात आणि मागची बॅच ताटकळते.

विमानांचं रडगाणं जुनंच. 2009मध्ये एचपीटी-32 ही प्राथमिक प्रशिक्षणाची विमानं जमिनीवर बसवली. 2013मध्ये पिलाटस ही स्विस प्रशिक्षण विमानं येईपर्यंत नवशिके थेट किरण जेटवर शिकले. पिलाटसच्या 64 विमानांपैकी 16मध्ये 2013 ते 2021 दरम्यान इंजिन ऑइल गळतीचे 38 प्रकार घडल्याचं ‘कॅग’नेच नोंदवलं आहे. एचटीटी-40 या देशी बनावटीच्या 70 प्रशिक्षण विमानांचा करार मार्च 2023मध्ये झाला, नाशिकलाही त्यांची लाइन उभी राहिली, पण इंजिनं उशिरा आली. शिवाय प्रशिक्षणाचा पहिला टप्पा रुंद करून भागत नाही. फायटरवाल्यांना पुढे बिदरला हॉक या प्रगत प्रशिक्षण जेटवर जागा नसेल, तर पोरं मधेच खोळंबतात.

सिम्युलेटरवर काय ढकलता येईल? कॉकपिटमधल्या तपासण्या, रेडिओवरचं बोलणं, इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग (फक्त उपकरणं पाहून उडणं), इंजिन बंद पडल्यावरची कृती. स्पिन (विमान गरगरत खाली येणं), फॉर्मेशन (इतर विमानांच्या जवळून सोबत उडणं) आणि लँडिंगचा अंदाज मात्र हवेतच शिकावा लागतो. अमेरिकी हवाई दलाने 2018मध्ये ऑस्टिनला व्हीआर हेडसेट देऊन 20 जणांवर प्रयोग केला. साधारण सहा महिन्यांत 13 उत्तीर्ण झाले. वेग चांगला आहे, पण ती निवडक, छोटी तुकडी होती. तोच वेग दुंडिगलच्या पूर्ण कोर्सला लावायचा म्हटलं, तर माझा विश्वास बसत नाही.