गाळ खाणारे लाल किडे : वाचकांचे प्रश्न

सोसायटीच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रात) टाकीच्या कडेला लाल धाग्यांसारखे किडे झालेत. औषध टाकून मारावेत का? (छत्रपती संभाजीनगर)

अजिबात नाही. हे बहुधा ट्युबिफेक्स. मत्स्यालयाच्या दुकानात माशांना खायला मिळतात तेच. डोकं गाळात खुपसून ते खात राहतात आणि शेपूट पाण्यात हलवत श्वास घेतात. क्लोरीन ओतलंत तर सांडपाणी साफ करणारे जिवाणूही मरतील.

त्यांनी खाल्लेला गाळ जातो कुठे? (लातूर)

एसटीपीतला गाळ म्हणजे बराचसा जिवाणूंचे पुंजके. किडा ते खातो. त्यातला काही भाग श्वसनात जळून कार्बन डायऑक्साइड होतो, थोडा त्याच्या अंगी लागतो, बाकीची विष्ठा. ही विष्ठा घट्ट असते, लवकर तळाला बसते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लुम्ब्रिक्युलस हा किडा जाळीत ठेवून पाहिला : डोकं जाळीच्या गाळाकडच्या बाजूला, शेपूट पलीकडच्या पाण्यात. विष्ठा पलीकडे पडते, त्यामुळे ती गाळात मिसळत नाही.

पण गाळातला नायट्रोजन आणि फॉस्फरस अमोनिया नि फॉस्फेट होऊन पाण्यात उतरतो. ते पाणी पुन्हा एसटीपीच्या सुरुवातीला फिरवावं लागतं. ते आहे तसंच खामसारख्या नदीत सोडलं तर जलपर्णीला खतच. रेती-माती तर किडा पचवतच नाही, त्यामुळे ‘गाळ शून्य’ म्हणून कुणी यंत्र विकायला आलं तर घेऊ नका.

मे महिन्यात किडे मरून वर येतात. का? (परभणी)

आपल्याकडची खरी अडचण हीच. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. त्याच वेळी किड्यांची आणि जिवाणूंची ऑक्सिजनची गरज वाढते. शिवाय उष्ण पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो. टाकीवर शेडनेट टाका आणि भारनियमनात ब्लोअर (टाकीत हवा सोडणारा पंखा) बंद पडणार नाही याची सोय आधी करा. लुम्ब्रिक्युलसला तर २५ अंशांपुढेच त्रास होतो. मराठवाड्यात उघड्या टाकीत त्याच्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सेप्टिक टँकमध्ये सोडले तर? (नांदेड)

तिथे ऑक्सिजन नसतो. जगणार नाहीत.

उरलेला गाळ शेतात टाकू का? (जालना)

कारखान्याचं सांडपाणी मिसळत असेल तर नको. जड धातू किड्यांच्या पोटातून जाऊन नाहीसे होत नाहीत, असे किडे माशांनाही घालू नका. फक्त घरगुती गाळ असेल तरी त्यात जंतांची अंडी असतात. काडीकचऱ्यात मिसळून ढीग रचा, आतलं तापमान ५५ अंशांवर काही दिवस टिकू द्या, ढीग पालटत राहा म्हणजे कडेचा गाळही तापेल. पालेभाजीला तरीही वापरू नका.