कुत्री आणू का?

प्रश्न : ह्यांना जाऊन आठ महिने झाले. मुलगी पुण्याला. नागपुरातलं, धरमपेठेतलं घर संध्याकाळी खायला उठतं. निवाऱ्यातून कुत्रा आणू का? वय ६७.

उत्तर : ताई, आणा, पण पिल्लू नको, ते रात्री तीनदा उठवेल. सहा-सात वर्षांची, नसबंदी झालेली गावठी कुत्री मागा. माझी तशीच आली. दहा दिवस कूलरमागे दडून होती. मी स्वयंपाकघरातून निघाले की मगच जेवायची. रेबीजची लस चुकवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, तेव्हा फिरणं पहाटेच. डांबरावर हात ठेवून पाहा, तुम्हाला चटका बसला तर तिलाही बसेल. सावजी रस्सा चाटू देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो. आणि तुम्ही दवाखान्यात भरती झालात तर तिला कोण सांभाळेल, हे मुलीशी आधीच बोलून ठेवा.