डॉक्टर नाही, नर्स प्रॅक्टिशनर मिळालीय... जाऊ की थांबू?

पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, मी ३४ वर्षांची. अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली, सध्या एच-फोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर मिळणारा बायकोचा व्हिसा) घरीच असते, मुलगा दोन वर्षांचा आहे. सात-आठ महिने झाले, झोप धड लागत नाही, लागली तर पहाटे तीनला टक्क जाग, छातीत धडधड, आणि भांडी घासता घासता उगाच रडू येतं. फॅमिली डॉक्टरने रेफर केलं पण सायकायट्रिस्टकडे चार महिन्यांचं वेटिंग आहे, म्हणून 'सायकायट्रिक नर्स प्रॅक्टिशनर'ची पुढच्या गुरुवारची व्हिडिओ अपॉइंटमेंट घेतली. नवरा म्हणतो नर्सकडे कशाला, डॉक्टर मिळेपर्यंत थांब. सासूबाई इथेच आहेत, त्यांना काहीच माहीत नाही. गोळ्या एकदा चालू झाल्या की सुटत नाहीत म्हणतात. आणि रेकॉर्डवर आलं तर ग्रीन कार्डचं काय? गेले तर नक्की काय होतं तेवढं सांगा."

अगं, जा. गुरुवारीच जा. बाकीचं आता निवांत सांगते.

घोळ 'नर्स' या शब्दाने होतो. आपल्या डोळ्यांसमोर येते ती सलाईन लावणारी सिस्टर, आणि तुझ्या नवऱ्याच्याही तीच आली असणार. नर्स प्रॅक्टिशनर हा वेगळा प्रकार आहे, अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने मिळून याचं शिक्षण सुरू केलं. आधी रजिस्टर्ड नर्स, मग त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, त्यातही मानसोपचाराचं वेगळं ट्रेनिंग आणि मग बोर्डाची परीक्षा. ती निदान करते, औषध लिहून देते, रक्ताच्या टेस्ट सांगते. निम्म्याहून जास्त राज्यांत तिला हे स्वतंत्रपणे करता येतं, बाकी ठिकाणी एखाद्या डॉक्टरशी करार किंवा देखरेख लागते. तुझ्या राज्यात कसं आहे ते तिलाच विचार, "अवघड केस असली तर तुम्ही कुणाला विचारता?" असं सरळ विचारलं तरी चालतं, चांगली बाई या प्रश्नाने चिडत नाही. सायकायट्रिस्टची चार महिन्यांनंतरची वेळ मात्र कॅन्सल करू नकोस. तोपर्यंत बरं वाटलं तर सोडून दे, नाही वाटलं तर हातात आहेच.

आता गुरुवार. पहिली भेट लांब असते, साधारण तासभर, कधी जास्तच. तुला वाटत असेल मन मोकळं करायचं, ती ऐकून घेणार, आपण रडणार, हलकं वाटणार. तसं फारसं होत नाही, आधीच सांगून ठेवते, कारण मी चार वर्षांपूर्वी हीच अपेक्षा घेऊन बसले होते आणि माझी नर्स प्रॅक्टिशनर सारखी खाली बघून खटखट टाइप करत होती, मला वाटलं हिला कंटाळा आलाय बहुतेक. नंतर कळलं की ती माझं वाक्य न वाक्य नोटमध्ये उतरवत होती, दुसऱ्या भेटीत तिला माझ्या बहिणीचं बाळंतपणसुद्धा आठवत होतं.

व्हिडिओ सुरू झाला की आधी ती विचारेल की आत्ता तू नेमकी कुठे आहेस, पत्ता काय, इमर्जन्सीला कुणाला फोन करायचा. घाबरू नकोस, पोलीस पाठवायला नाही विचारत. तू ज्या राज्यात बसली असशील तिथलं लायसन्स तिच्याकडे लागतं आणि मध्येच काही झालं तर मदत कुठे पाठवायची ते माहीत असावं लागतं, एवढंच. सासूबाई घरात असतील तर खाली पार्किंगमध्ये गाडीत बस, काचा वर, हेडफोन लाव. गाडी चालवता चालवता मात्र नाही हं.

मग प्रश्नांची सरबत्ती. झोप, भूक, पाळी, आधीचे आजार, दारू-सिगारेट, लहानपणी काही वाईट घडलं का, घरात कुणाला असं काही होतं का. यावर आपण काय सांगतो, "नो, नथिंग." आणि तुझे एक काका "जरा तसेच" होते, ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, ते? सांग. एक प्रश्न विचित्र वाटेल, की कधी चार-पाच दिवस फार कमी झोपूनही अंगात जोरच जोर होता, भराभर बोलणं, वारेमाप खर्च, असं झालं होतं का? तिला बायपोलर (कधी अति जोर, कधी डिप्रेशन, असा आजार) नाही ना हे बघायचं असतं, कारण तसं असलं आणि नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर उलटच होऊ शकतं. म्हणून विचार करून उत्तर दे. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतं आणि तेही अगदी असंच दिसतं, धडधड, झोप नाही, चिडचिड, तेव्हा थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह अलीकडे कधी बघितलंय का ते काढून ठेव, नसेल तर टेस्ट करा म्हण. आणि घेतेस ते सगळं सांग, अश्वगंधासुद्धा. "ते काय आयुर्वेदिकच आहे" म्हणून सोडू नकोस. बाळाला अजून अंगावर पाजत असशील किंवा दुसऱ्याचा विचार असेल तर तेही आधीच, औषध त्यावर ठरतं.

फॉर्म आधी येतील पोर्टलवर, म्हणजे क्लिनिकच्या वेबसाइटवर. एक डिप्रेशन मोजायचा पीएचक्यू-९ म्हणून असतो, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७ पैकी. आपली गंमत अशी की परीक्षा दिल्यासारखे चांगले मार्क पडावेत म्हणून भरतो. मी पहिल्यांदा भरला तेव्हा सगळीकडे ० आणि १, आणि मग तीच म्हणाली की यावरून तर तुम्हाला इथे यायची गरजच दिसत नाही! नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे तर हात आपोआप शून्यावर जातो, मुलाला काढून घेतील, भरती करतील अशी भीती. "मी नसते तर बरं झालं असतं" असं मनात येऊन जाणं आणि काहीतरी करायचं ठरवणं यात फरक असतो आणि तो तिला चांगला कळतो, म्हणून ती पुढे चार प्रश्न विचारते. नुसतं मनात येतं म्हटल्यावर कुणी उचलून नेत नाही. पण गुरुवारच्या आत तसा विचार जोर धरायला लागला तर ९८८ या आत्महत्येचे विचार आले तर बोलायच्या हेल्पलाइनवर कॉल किंवा टेक्स्ट कर, २४ तास चालू असतं, आणि अगदी हातघाईवर आलं तर ९११. तेव्हा गुरुवारची वाट बघत बसू नकोस.

इंग्लिश येतं तुला, ते दिसतंय, पण रडताना येतं का? नसेल तर आधीच इंटरप्रिटर मागून ठेव, बहुतेक ठिकाणी तो फुकट द्यावा लागतो. नवऱ्याला भाषांतराला बसवू नकोस.

गोळी. पहिल्याच दिवशी लिहून देईल किंवा देणार नाही, आणि दिली तरी "विचार करून सांगते" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. अशा तक्रारीवर बरेचदा सर्ट्रालिनसारखी डिप्रेशनची गोळी २५ किंवा ५० मिलिग्रॅमने सुरू करतात. पहिले एक-दोन आठवडे मळमळ, पोट बिघडणं, झोपेचा घोळ, आणि फरक पडायला चार ते सहा आठवडे, म्हणजे आधी त्रास आणि मग गुण, इथेच निम्म्या जणी सोडून देतात असं माझं आपलं निरीक्षण. सेक्सची इच्छा कमी होऊ शकते, हे आपल्यात कुणी तोंडाने सांगत नाही म्हणून मी सांगतेय, झालं तर तिला सांग, बदलता येतं. "सुटत नाहीत" म्हणतात त्यात थोडंसं तथ्य आहे, एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं, म्हणून हळूहळू उतरवतात. पण दारूसारखी तलफ लागत नाही. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने घ्यायला सांगतात.

पुढच्या भेटी वीस-तीस मिनिटांच्या, त्यात औषधाचंच बोलणं. मन मोकळं करायला थेरपिस्ट वेगळी लागते, तिचं नाव हिच्याकडूनच माग. आणि पाच मिनिटांत काही न विचारता तीन गोळ्या लिहिल्या तर बाई बदल, सरळ.

रेकॉर्डचं. तुझ्या नोट्स नवऱ्याच्या कंपनीला मिळत नाहीत, पेशंटची माहिती गुप्त ठेवणारा हिपा कायदा आहे. मात्र इन्शुरन्स नवऱ्याच्या नावावर आहे ना, मग कोणाकडे गेलीस, किती बिल झालं याचा कागद त्याच्या नावाने येतो. त्याला माहीत आहे म्हणून ठीक, पण तो कागद सासूबाईंच्या हाती पडू नये म्हणून पेपरलेस करून टाक. ग्रीन कार्डच्या मेडिकलमध्ये बघतात ते आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वागणं झालंय का, किंवा पुन्हा होण्यासारखं आहे का ते. नुसतं डिप्रेशनचं औषध घेतलं म्हणून अडवत नाहीत. तिथे खोटं मात्र बोलू नकोस, तुझ्या केसबद्दल शंका असेल तर वकिलाला विचार.

सासूबाईंना सध्या "झोपेसाठी डॉक्टर बघतेय" एवढं पुरे, ते खोटंही नाही.

तीनची जाग आणि भांड्यांपाशी येणारं रडू हे मला लिहिलंस तसंच्या तसं तिला सांग, "आय ॲम फाइन, जस्ट टायर्ड" नको. आणि मुलाला त्या तासाभरासाठी नवऱ्याकडे दे, त्याचं नर्सबद्दल काय मत असेल ते असू दे, गुरुवारचा त्याचा कॅलेंडर मात्र आजच ब्लॉक करायला लाव.