‘हॅलो’ आणि ती मार्गारेट

प्रश्न : टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याच्या मैत्रिणीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, फोनवर त्यानं पहिली हाक तिलाच मारली, म्हणून सगळे ‘हॅलो’ म्हणतात, असा मजकूर मोबाइलवर सारखा येतो. हे खरं का? आणि इंग्रजी पत्राची सुरुवात ‘हॅलो’नं केली तर उद्धटपणा होतो का?

उत्तर : ही मार्गारेट माझ्याकडेही दरवर्षी येते, बरोबर गुलाबाचं चित्र घेऊन. साफ खोटी बाई! बेलची वाग्दत्त वधू, पुढे 1877 मध्ये झालेली पत्नी, म्हणजे मेबल हबर्ड. पाचव्या वर्षी आजारपणात तिची श्रवणशक्ती गेली होती. तिला फोनवर हाक मारून उपयोग काय? 10 मार्च 1876 रोजी फोनवरून गेलेली पहिली हाक होती साहाय्यक वॉटसनला, ‘इकडे या’ म्हणून. बेलला स्वतःला तर ‘अहॉय’ हवं होतं. ती खलाशांची आरोळी. आपल्या ‘अहो’शी तिचं नातं नाही, पण काम तेच.

‘हॅलो’ हा शब्द 1826 मध्ये छापील सापडतो आणि बेल जन्मला 1847 मध्ये! तेव्हा ते अभिवादन नव्हतं. ‘अरे ए!’ किंवा ‘अरेच्चा, हे काय?’ अशा अर्थाचा तो उद्गार होता. फोनवर तो आणण्याचं श्रेय सहसा एडिसनला देतात. सुरुवातीला दोन टोकांमधली लाइन कायम जोडलेली ठेवण्याचा विचार होता. मग पलीकडच्या माणसाचं लक्ष वेधायचं कसं? ऑगस्ट 1877 मध्ये एडिसननं पिट्सबर्गच्या एका परिचिताला कळवलं की घंटेची गरज नाही, ‘हॅलो’ दहा-वीस फुटांवरून ऐकू येतं. एडिसनला स्वतःला कमी ऐकू येई, तेव्हा त्याची ही पारख मी तरी मानतो. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलींना अमेरिकेत ‘हॅलो गर्ल्स’च म्हणू लागले.

आता पत्राचं. ‘हॅलो’ उद्धट नाही. ‘हाय’ त्याहून सलगीचं, ‘डिअर’ अधिक औपचारिक. अनोळखी माणसाला ई-मेल लिहिताना ‘हॅलो’पुढे नाव घातलं की झालं, नोकरीच्या अर्जात मात्र मी अजूनही ‘डिअर’च लिहायला सांगेन.

‘से हॅलो टु युवर मदर’ असं कुणी म्हटलं, तर आई समोर असायला हवी असं नाही. ‘आईला नमस्कार सांग’ एवढंच ते. आणि बोलता बोलता मध्येच कुणी स्वर उंचावून ‘हॅलो?’ म्हणालं, तर त्याचा अर्थ ‘लक्ष कुठंय तुझं?’ हा मात्र उद्धट. वरिष्ठांसमोर वापरू नका.